लिनक्स अडलं की आधी काय वाचायचं

पावसाळा तोंडावर आला होता, वारं-वावधान रोजचंच. गंगाखेड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातून संध्याकाळी फोन आला. “दादा, लाइट दोनदा गेली अन् आली. आता मशीन चालूच होईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी लिहायलंय. व्हायरस शिरला का काय?”

त्या वाचनालयात दोन जुने संगणक आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंच होतं, आणि ही यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती. म्हणून आधीच मी त्यांच्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली घातली. पोरं तिथं स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतात, ग्रंथपाल ताई पुस्तकांची यादी ठेवतात. मी असतो परभणीत. दर वेळी गाडी काढून जाणं होत नाही, त्यामुळे निम्मी दुरुस्ती फोनवरच चालते.

मी म्हटलं, “ताई, कशाला हात लावू नका. सगळ्यात खालच्या चार ओळी सावकाश वाचा.”

त्यांनी वाचलं: ‘/डेव्ह/एसडीए२: अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली.’ त्याखाली कंसात ‘इनिटरामएफएस’ आणि पुढं लुकलुकणारी रेघ.

यंत्रानं सगळंच सांगून टाकलं होतं. दुखणं कुठं आहे? डिस्कच्या एसडीए२ या भागात. काय झालंय? हिशेब जुळत नाही. करायचं काय? एफएससीके नावाचा प्रोग्राम हातानं चालवायचा. निदानही तिथंच, औषधही तिथंच. लिनक्सची भीती वाटणारी बहुतेक माणसं याच जागी चुकतात. पांढरी अक्षरं दिसली की बटण दाबून यंत्र बंद करतात आणि जे वाचायचं होतं तेच पुसून टाकतात. शंभर कमांडी पाठ करत बसायची गरज नाही. समोरची ओळ वाचायची सवय लागली की निम्मं काम झालं.

या लेखातल्या कमांडी मी ताईंना फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना ती अक्षरं आणि अंक इंग्रजीत टाकायचे. अक्षरं लहान लिपीतली. मोठं अक्षर हवं असेल तिथं मी तसं सांगीन. जिथं जागा सोडलीय तिथं स्पेस. स्पेस चुकली तरी कमांड चुकते.

आता, अडलं कुठं हे कसं ओळखायचं? मोटार पाणी उचलेनाशी झाली तर आपल्याकडचा माणूस लगेच मोटार वर काढायला घेत नाही. आधी डीपीवरचा फ्यूज बघतो, तिन्ही फेज आलेत का बघतो, मग स्टार्टर, मग केबल, मग पाइप. बोअरमधून मोटार काढायची म्हणजे चार माणसं आणि अख्खा दिवस, म्हणून ते सगळ्यात शेवटी. संगणक फॉरमॅट मारणं म्हणजे मोटार वर काढणं. आपल्याकडं मात्र दुकानात नेलं की पहिला उपाय तोच सांगतात, आणि त्यात लोकांचे फोटो जातात, हिशेब जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

लिनक्स चालू होतानाही अशीच साखळी असते. बटण दाबलं की मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो डिस्कवरच्या ‘ग्रब’ला उठवतो. ग्रब कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा. १९९१ साली हेलसिंकीत शिकत असलेल्या लायनस टोरवाल्ड्सनं तो लिहायला घेतला, आणि ‘लिनक्स’ हे नाव खरं तर तेवढ्याचंच. कर्नलसोबत एक छोटी शिदोरीही येते, तिचं नाव इनिटरामएफएस. खरी डिस्क सापडून उघडेपर्यंत लागतील तेवढीच अवजारं तिच्यात बांधलेली असतात. डिस्क तपासून झाली, उघडली, की ‘सिस्टिमडी’ ताबा घेतो आणि नेटवर्क, प्रिंटर, आवाज अशा एकेक सेवा चालू करतो. शेवटी पासवर्ड विचारणारा पडदा येतो.

ताईंचं मशीन शिदोरीवरच थांबलं होतं. म्हणजे वीज ठीक, मेमरी ठीक, ग्रब ठीक, कर्नलही ठीक. दुखणं पुढच्याच पायरीवर. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नसतं तर मी वीज, रॅम, मॉनिटरची वायर बघायला सांगितली असती. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं असतं तर दुखणं ग्रबच्याच पायरीवर. कुठवर पोचलंय हे कळलं की अर्धी कारणं आपोआप गळतात.

पण नुसती लाइट गेली तर डिस्कचा हिशेब का बिघडावा? मोंढ्यात सोयाबीनचं माप चालू असतं तेव्हा आडतीवरचा मुनीम आधी कच्च्या वहीत टिपतो आणि मग निवांत पक्क्या खात्यात उतरवतो. मधेच काही घोटाळा झाला तर कच्ची वही बघून पक्कं खातं पुरं करता येतं. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइल मांडायची पद्धत, कर्नलमध्ये ती २००८ पासून पक्की झाली, अगदी असंच करते. तिच्या कच्च्या वहीला ‘जर्नल’ म्हणतात. लाइट जाऊन परत आली की चालू होताना ती वही वाचली जाते आणि राहिलेल्या नोंदी पुऱ्या होतात. बहुतेक वेळा हे काही सेकंदांत उरकतं, आपल्याला कळतही नाही.

मात्र नेहमीच्या मांडणीत या कच्च्या वहीत फाइलचा मजकूर उतरत नाही. कोणती फाइल, डिस्कवर कुठं, केवढी, एवढीच नोंद होते. त्यामुळे अर्ज सेव्ह केल्या-केल्या लाइट गेली तर त्यातला मजकूर जाऊ शकतो, आणि सेव्हच केला नसेल तर तो गेलाच. दुसरं म्हणजे डिस्कच्या पोटातही थोडी मेमरी असते; “लिहून झालं” असं सांगून डिस्क कधीकधी डेटा तिथंच धरून ठेवते. त्याच क्षणी वीज गेली तर कच्ची वहीच अर्धवट राहते. आणि डिस्कचा एखादा भाग मुळातच खराब असेल तर कोणतीच वही धड वाचता येत नाही. अशा वेळी लिनक्स आपल्या मनानं काही ठरवत नाही. थांबतं आणि माणसाला बोलावतं. तो काळा पडदा म्हणजे हे बोलावणं.

मी ताईंना सांगितलं, लिहा: ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२’. शेवटचा भाग पडद्यावर दिसतोय तसाच घ्यायचा. तुमच्याकडं एसडीए२ च असेल असं नाही. ‘-वाय’ म्हणजे दुरुस्ती करताना तो जे जे विचारील त्याला ‘होय’. ओळी सरसर पळाल्या, दोनेक मिनिटांनी ‘फाइल सिस्टिम वॉज मॉडिफाइड’ असं आलं. मग ‘एक्झिट’. मशीन पुढं सरकलं आणि पासवर्डचा पडदा उघडला. तिकडून ताई कुणालातरी म्हणाल्या, “आलं रे बाबा!” त्या आवाजात किती हायसं वाटलं होतं ते मला अजून आठवतंय.

इथं दोन गोष्टी काळजीच्या. एफएससीके कधीही चालू, उघडलेल्या डिस्कवर चालवू नका. शिदोरीच्या टप्प्यावर ती डिस्क अजून वापरात आलेली नसते, म्हणून तिथं ते चालतं. एरवी चालत्या यंत्रावर तीच कमांड नुकसान करते. आणि पडद्यावर ‘आय/ओ एरर’ पुन्हापुन्हा दिसत असेल किंवा डिस्क टकटक वाजत असेल तर ‘-वाय’ मारायची घाई नको. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून आधी कामाच्या फायली दुसरीकडं उतरवून घ्या. मरणाऱ्या डिस्कला दुरुस्तीचा ताण दिला तर उरलेलंही जाऊ शकतं. दुरुस्तीत ज्या तुकड्यांचा धनी सापडत नाही ते ‘लॉस्ट+फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. काही हरवलं वाटलं तर तिथं बघायचं.

आठवड्यानं मी प्रत्यक्ष गेलो तेव्हा डिस्कची तब्येत बघितली: ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’. ‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड यंत्राच्या मालकाच्या अधिकारानं चालवायची. स्मार्टसीटीएल हा प्रोग्राम ‘स्मार्टमॉनटूल्स’ या पॅकेजातून येतो. लांबलचक तक्त्यात दोन ओळी महत्त्वाच्या: ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. शेवटच्या रकान्यात शून्य असलं तर बरं. तिथं शून्य नव्हतं, आणि दोन दिवसांत आकडा वाढला. डिस्क बदलली, जोडीला छोटा यूपीएस बसवला. आपल्याकडची वीज बघता जुन्या संगणकाला यूपीएस हा चैनीचा भाग नाही, तो आधी घ्या.

यंत्र चालू होतं पण एखादी गोष्ट चालत नाही, असं दुखणं जास्त नेहमीचं. प्रिंटरचंच घ्या. लिनक्समध्ये छपाईचं काम ‘सीयूपीएस’ नावाची सेवा बघते. टर्मिनल, म्हणजे कमांडी टाइप करायची खिडकी, उघडून ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस सीयूपीएस’ असं विचारलं की ती जिवंत आहे का, केव्हापासून, आणि शेवटी काय बोलली ते येतं. ‘ॲक्टिव्ह’ हिरवं म्हणजे चालू, ‘फेल्ड’ लाल म्हणजे पडली. यापुढचं ‘जर्नलसीटीएल’ सांगतं. हे सगळ्या सेवांचं रोजनामचं. डिस्कच्या कच्च्या वहीशी नाव सारखं, पण वस्तू वेगळी. ‘जर्नलसीटीएल -बी’ म्हणजे यंत्र आत्ता चालू झाल्यापासूनच्या नोंदी, ‘-बी -१’ म्हणजे मागच्या खेपेच्या. काल रात्री अचानक बंद का पडलं हे बघायला हीच दुसरी कामाला येते. जोडीला ‘-पी एर्र’ लावलं, म्हणजे ई-आर-आर, की फक्त चुका दिसतात. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, कारण धडधाकट यंत्रावरही दहा-पंधरा लाल ओळी असतात. ‘एसीपीआय’च्या नावानं येणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा बिनकामाच्या. दुखणं ज्या मिनिटाला झालं त्या मिनिटाच्या ओळी शोधा, बाकीच्या सोडा.

एकदा ताईंचा फोन: “पासवर्ड बरोबर टाकायलेय, तरी फिरून तिथंच येतंय.” पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्ड मागतो. पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं. म्हणजे आत घेतलं, पण बसायला जागा मिळाली नाही. ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एफ३’ एकदम दाबलं की चित्रांशिवायचा, नुसत्या अक्षरांचा पडदा उघडतो. तिथं नाव-पासवर्ड टाकून ‘डीएफ -एच’. प्रत्येक भागात किती जागा भरलीय ते दिसतं. मुख्य डिस्कसमोर १०० टक्के. चित्रांच्या पडद्याला चालू होताना एकदोन छोट्या फायली लिहाव्या लागतात. जागाच नाही तर तो माघारी फिरतो. अक्षरांच्या पडद्याला तेवढंही लागत नाही. ईएक्सटी४ मध्ये साधारण ५ टक्के जागा ‘रूट’साठी, म्हणजे यंत्राच्या मालकासाठी, राखून ठेवलेली असते. म्हणून पूर्ण भरलेल्या डिस्कवरही सुडो लावून आवराआवर करता येते.

कोणी खाल्ली जागा? ‘सुडो डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=१ /होम’ आणि मग त्यातल्या जाड फोल्डरवर पुन्हा तेच. डाउनलोड्समध्ये प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ होत्या, एकेक तीन-तीनदा उतरवलेली, आणि व्हिडिओ. पोरांना बोलावून हवं-नको ठरवलं. ‘सुडो एपीटी क्लीन’नं पॅकेजांच्या उतरवून ठेवलेल्या फायली गेल्या, ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’नं रोजनामचं आटोक्यात आलं. यातला एम मोठा.

इंटरनेट बंद पडलं तर पायऱ्या मोजत जायचं, घर ते फाटा, फाटा ते तालुका. ‘आयपी ए’ टाकलं की यंत्राला पत्ता मिळालाय का कळतं. ‘आयपी आर’मध्ये ‘डीफॉल्ट व्हाया’च्या पुढं राउटरचा पत्ता असतो, तो आपला फाटा. ‘पिंग’ लावून त्याला हाक मारा. उत्तर आलं नाही तर वायर किंवा वायफाय. आलं तर ‘पिंग ८.८.८.८’, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता. तिथूनही उत्तर आलं पण साइटच्या नावानं पिंग लागेना, तर रस्ता ठीक आहे, नावावरून पत्ता सांगणारा गायब आहे. त्याला डीएनएस म्हणतात. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस शो’मध्ये सध्या कोणाला पत्ता विचारला जातोय ते दिसतं. एवढं समजलं की इंटरनेटवाल्याला फोन करून “नेट चालत नाही” असं मोघम सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र वेगळंच. नेट चालू, पिंग लागतं, पण ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. ‘टाइमडेटसीटीएल’ टाकलं तर तारीख काही वर्षं मागची! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता आणि यंत्र बरेच दिवस वीजेशिवाय पडून होतं. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. यंत्राच्या हिशेबानं ती प्रमाणपत्रं अजून जन्मलीच नव्हती. त्याच तक्त्यात ‘एनटीपी सर्व्हिस: इनॲक्टिव्ह’ होतं, म्हणजे वेळ आपोआप जुळवणं कोणीतरी बंद केलेलं. ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’, मिनिटभरात तारीख जागेवर. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो.

सेटिंग बदलायचं म्हटलं तर लिनक्समध्ये यंत्राची बहुतेक सगळी सेटिंगं ‘/ईटीसी’ या फोल्डरमध्ये साध्या अक्षरांच्या फायलींत असतात. कुठल्याही माणसाला उघडून वाचता येतात, हे मला या प्रणालीचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. बदलण्याआधी शेजारी एक नक्कल ठेवा, ‘सुडो सीपी’ पुढं मूळ फाइलचं नाव, मग तेच नाव शेवटी ‘.बॅक’ जोडून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. तीन बदल एकदम केले आणि बिघडलं, तर तिघांपैकी कोण ते सापडायला रात्र जाते. कुठूनतरी मिळालेली ‘सुडो आरएम -आरएफ’नं सुरू होणारी किंवा ‘सीएचमॉड ७७७’ असलेली कमांड न समजता चिकटवू नका. पहिली न विचारता पुसते, दुसरी घराची सगळी दारं सताड उघडते.

मराठीचं एक राहिलं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ विचारलं की मराठी येणारे फॉन्ट किती ते कळतं; यादी रिकामी आली तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा’. टंकनासाठी आयबस हा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन पॅकेज, त्यात मराठी इनस्क्रिप्ट निवडायचं. पण वाचनालयाची जुनी पुस्तकयादी उघडली तेव्हा चौकोन नव्हते. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला होता. ती यादी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचं घर देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेली. त्यात आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरांची घरं, फॉन्ट फक्त वरून मराठी रंग देतो. इथं लिनक्सचं कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरच करावा लागतो. आम्ही केला, आणि मग ताईंनी एकेक ओळ नजरेखालून घातली, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास सरकतात.

ताईंनी आता संगणकाशेजारी एक दोनशे पानी वही ठेवलीय. तारीख, पडद्यावर काय आलं, आपण काय टाइप केलं, मग काय झालं, असे चार रकाने आखलेत. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा चाळली. एका नोंदीत ‘डीएफ -एच, ९८ टक्के’ आणि पुढं ‘डाउनलोड्स साफ केलं, ६१ टक्के’ असं लिहिलेलं. त्या दिवशी मला फोन आलेला नव्हता.